नवी मुंबईतले निवडुंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नर्सरीत निवडुंगाची इवलीशी कुंडी हातात देताना विक्रेता हमखास सांगतो, "याला काही करावं लागत नाही." सोलापूरच्या कोरड्या गच्चीवर हे बरंचसं खरं ठरेल. खाडीकाठच्या वाशी-नेरूळमध्ये मात्र मार्चमध्ये आणलेलं रोप जुलैत बुडाशी काळं पडतं, लिबलिबीत होतं आणि घरच्यांना वाटतं, आपल्या हातालाच गुण नाही. हाताचा काही दोष नसतो. माहिती अर्धवट मिळालेली असते.

"निवडुंग म्हणजे वाळवंटातलं झाड"

नवी मुंबईत सर्वांत जोमानं वाढणारा निवडुंग कितीतरी घरांच्या ग्रिलमध्ये आहे. फक्त त्याला निवडुंग म्हणून कोणी ओळखत नाही. आपण कुंडीत लावतो ते ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यपुष्प, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. आपलं ब्रह्मकमळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलांतून आलेलं, तिथे मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. त्याचं पान नीट पाहा. ते पान नाहीच, चपटं झालेलं खोड आहे. कडेला खाचा असतात आणि त्या खाचेतूनच कळी निघते, लांब देठावर वाकून लोंबते, रात्री नऊ-दहानंतर उमलू लागते आणि सकाळपर्यंत मान टाकते. ड्रॅगन फ्रूटही याच जातकुळीतलं. पाणी साचू दिलं नाही, तर या दोघांना आपला पावसाळा मानवतो.

काटेरी गोळ्यासारखे निवडुंग आणि गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या पानांची एचेव्हेरिया यांचं गणित वेगळं आहे. एचेव्हेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या उंच डोंगराळ भागातल्या. अशा अनेक वनस्पती दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात. आपल्याकडे जुलैची रात्रही 25 अंशांच्या आसपास असते, हवा ओलीचिंब. रात्रीचा गारवाच मिळत नाही, रोप हळूहळू खचतं आणि मग बुरशीला वाट मोकळी होते. म्हणून सुंदर दिसली तरी नवख्या माणसानं एचेव्हेरियापासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोरफड, स्नेक प्लांट, पानफुटी, अडेनियम यांनी करावी.

"आठवड्याला चमचाभर पाणी पुरे"

हा सल्ला रोपाला दोन्ही बाजूंनी मारतो. चमचाभर पाण्यानं वरची माती ओली होते, खालची मुळं कोरडीच राहतात. पाणी द्यायचं तेव्हा कुंडीच्या भोकातून वाहेपर्यंत द्यावं आणि मग माती आतपर्यंत सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये. वार ठरवून पाणी घालण्यापेक्षा मातीत काडी खुपसून बघावी. ओली माती चिकटून आली तर थांबावं. एप्रिल-मेच्या उन्हात कुंडी लवकर सुकते, तेव्हा पाणी सढळ हातानं द्यायला हरकत नाही.

खरी परीक्षा जूनपासून. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर सरासरी 2300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडेही तो कमी नाही. तेव्हा मे संपायच्या आत गोल निवडुंग आणि अडेनियम छपराखाली घ्यावेत, पण बंद खोलीच्या कोपऱ्यात ढकलू नयेत. तिथे उजेड कमी पडला की गोल निवडुंगाचा शेंडा फिकट, निमुळता वाढतो आणि तो आकार नंतर सुधारत नाही. वारा आणि उजेड दोन्ही हवेत. पावसाळा संपल्यावरही एकदम कडक उन्हात ठेवू नका. ऑक्टोबरच्या उन्हानं पडलेला करपट डाग कायमचा राहतो.

"तळाशी खडे टाकले की पाणी निचरतं"

पिढ्यान्‌पिढ्या आपण कुंडीत खापराचे तुकडे टाकत आलो. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. खड्यांमुळे ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. निचरा हवा असेल तर सबंध कुंडीतलंच मिश्रण भरड करा: एक भाग लाल माती, एक भाग जाडी रेती किंवा विटांचा चुरा, एक भाग पर्लाइट किंवा कोळशाचे बारीक तुकडे आणि मूठभर गांडूळखत. समुद्राची वाळू नको, तिच्यात क्षार असतात. नर्सरीचं रोप बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये असतं. ते पावसाळ्यात पाणी धरून बसतं, म्हणून घरी आणल्यावर काढून टाका. आणि भोक नसलेली चिनी मातीची कुंडी कितीही देखणी असली तरी घेऊ नका.

काटे दिसले की निवडुंग, हेही खरं नाही. त्रिधारी आणि नर्सरीत 'युफोर्बिया' म्हणून मिळणारं लाल-गुलाबी फुलांचं झाड निवडुंगाच्या कुळातलं नाही. ते मोडलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होऊ शकते. छाटताना हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. लाल किंवा पिवळ्या डोक्याचा निवडुंग तर दोन झाडांचं कलम असतं: वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, तो खालच्या हिरव्या खोडाच्या जिवावर जगतो आणि सहसा काही वर्षांतच संपतो.

स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं म्हणून ते उशाशी ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की वनस्पती ऑक्सिजन सोडते ती उजेडातच. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेतं, एवढंच.

कुंडीखालची ताटली मात्र विसरू नका. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवा. ते जमत नसेल तर दर आठवड्याला ओतून, घासून कोरड्या करा.