विमान उतरविण्याची विद्या आणि शिकाऊची चूक

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडी येथे बारामतीच्या कार्व्हर संस्थेचे सेस्ना १५२ जातीचे शिकाऊ विमान शेतात कोसळले. विद्यार्थिनी एकटीच विमान चालवीत होती. ती जखमी झाली, पण वाचली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळच रेडबर्ड या दुसऱ्या संस्थेची दोन विमाने चार दिवसांत पडली. असे काही ऐकले की आपण चटकन म्हणतो, "शिकाऊच तो, चुकला असेल!" हा निवाडा आपण जरा तपासून पाहू.

विमान शिकताना सर्वांत जास्त गफलती होतात त्या उतरताना. सेस्ना ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने धावपट्टीवर येते. टेकण्यापूर्वी नाक किंचित उचलून वेग जिरवावा लागतो. मग मागची दोन दणकट चाके आधी टेकतात, पुढचे नाजूक चाक नंतर. वेग फाजील राहिला तर पंखांत उचल शिल्लक असते आणि विमान चेंडूसारखे उसळते. घाबरलेला विद्यार्थी नाक खाली दाबतो. पुढचे चाक आपटते, विमान पुन्हा अधिक उसळते. दुसऱ्या-तिसऱ्या आपटीला त्या चाकाचा पाय मोडतो आणि पंखा जमिनीत घुसतो.

यावर उपाय साधा आहे. उसळताच इंजिनाला पूर्ण जोर द्यावा, वर जावे आणि फेरी मारून पुन्हा उतरावे. पण व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण लागते आणि तासातासाला पैसा मोजावा लागतो. परत फिरलेल्याला जेथे बोलणी बसतात, तेथे विद्यार्थी विमान कसेबसे टेकवू पाहतो. म्हणजे दोष देण्याची सवय हीच अपघाताचे एक कारण होऊन बसते.

हे ओळखूनच आपल्या देशाच्या २०१७ च्या विमान अपघात चौकशी नियमांनी चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा ठरविला आहे. दोषी ठरविणे हा नव्हे. २०२३ साली सरकारी महासंचालनालयाने चालकापाशी न थांबता त्या संस्थेचे प्रशिक्षणच काही काळ बंद ठेवले.

आता आपल्या धाराशिव जिल्ह्याकडे या. साखर कारखान्यात शिकाऊ पोराचा हात यंत्रात सापडला आणि कागदावर "निष्काळजीपणा" एवढेच लिहिले, तर तेथे चौकशी संपत नाही. यंत्रावर जाळी होती काय? शिकविणारा जवळ होता काय? पाळी किती तासांची होती? यंत्र थांबवले असते तर त्याला शाबासकी मिळाली असती की शिवी? आकाशातल्या शिकाऊसाठी जे प्रश्न विचारले जातात, तेच जमिनीवरच्या शिकाऊसाठीही विचारले पाहिजेत.