सांडपाण्याकाठचे पाहुणे

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की उचगावचा फाटा लागतो. मळेकर्णी देवीमुळे आणि मराठी साहित्य संमेलनामुळे हे गाव आपल्या मंडळींच्या परिचयाचे आहे. मी मात्र पाडव्याच्या सुमारास देवदर्शन आटोपून मुद्दाम शिवारातल्या एका डबक्यापाशी जाऊन बसतो. सांडपाणी वाहत येऊन तेथे साचते. नाकाला रुमाल लावल्यावाचून बसवत नाही. घरची माणसे या छंदाला हसतात. हसोत बापडी!

या दिवसांत त्या काळ्या पाण्याच्या काठी लांबच्या प्रवासाची तयारी चालू असते. ठिपकेवाला तुतवार शेपटी हालवीत चिखलातून अळ्या टिपतो. जेमतेम 60-70 ग्रॅम वजनाचा हा जीव. पण त्याला विणीसाठी उत्तर युरोप-सायबेरियातील दलदली गाठायच्या असतात. पलीकडे पिवळा धोबी तुरुतुरु धावतो. हिवाळाभर मळकट दिसणारा याचा नर आता नवी पिसे लेऊन हळदीच्या नवरदेवासारखा झालेला असतो. सांडपाण्याच्या गाळात चिलटांच्या अळ्या बेसुमार वाढतात. त्या खाऊन अंगी साठवलेली चरबी हीच या प्रवाशांची शिदोरी.

या प्रांतातील पाखरांची दखल फार पूर्वी घेतली गेली आहे. ई. ए. बटलर या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातील पक्ष्यांची यादी 1881 साली ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स'मध्ये छापली. तेव्हापासूनच्या या पाहुण्यांना आपण आज कसल्या पंगतीला बसवतो, हा विचार मनात होता, तोच शेजारच्या रानातला शेतकरी बांधावर आला. मी त्याला दुर्बीण दिली. घटकाभर पाहून ती परत करीत तो म्हणाला, "पाखरं झ्याक हाईत, काका. पर तुमास्नी पाखरं दिसत्यात, आमास्नी हिरीचं पाणी दिसतंय."

मी निरुत्तर झालो. त्याची विहीर नासावी आणि माझी पाखरे जगावीत, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा थोडा धीर आला. आपल्याकडच्या तळ्यांवर नित्य दिसणाऱ्या शेकाट्याने 1945 साली इंग्लंडात घरटी केली, ती नॉटिंगहॅमच्या सांडपाण्याच्या शेतावर. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराचे मैलापाणी 1897 पासून वेरिबी येथे शुद्ध केले जाते. तेथे पाणी एकातून दुसऱ्या अशा उथळ तलावांतून सावकाश पुढे सरकते. ऊन, शेवाळ आणि सूक्ष्म जंतू त्यातील घाण पचवतात. हे तलाव 1982 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत मोडतात, आणि सायबेरियाकडून येणारे चिखलपक्षी तेथेही उतरतात.

म्हणजे पाखरांना ओढ असते ती उथळ पाण्याची, चिखलाची आणि निवांतपणाची. घाण आपली आहे. ती निस्तरायची जबाबदारीही आपलीच. मात्र ती निस्तरताना सारेच बंद गटारांत आणि सिमेंटच्या टाक्यांत कोंबू नये. गावाच्या उताराला दोन-तीन उथळ तलाव राखले, तर विहीरही वाचेल आणि पाहुण्यांचे पानही मांडलेले राहील.

पुढच्या पाडव्याला मी उचगावला जाईनच. रुमाल खिशातच ठेवता आला, तर त्या शेतकऱ्याला आधी हाक मारीन आणि दुर्बीण मग काढीन.