भिंतीवरचा समुद्र

पवईला समुद्र नाही, तलाव आहे. 1891 साली बांध घालून तो तयार करण्यात आला. पावसाळ्यात तलाव भरला की त्याचे जादा पाणी मिठी नदीत उतरते आणि माहीमच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. त्याच माहीमच्या किनाऱ्यावर कुरआनचे भाष्यकार हजरत मखदूम अली माहीमी (रह.) यांचा दर्गा आहे. समुद्राशी पवईचे नाते असे दुरूनच आहे. तरीही इथल्या मुस्लिम घरांत गेलो की दिवाणखान्याच्या भिंतीवर आम्हाला तीन गोष्टी हमखास दिसतात. मक्का-मदिनेचे चित्र असते, सुलेखनात लिहिलेली एखादी आयत असते आणि बऱ्याच ठिकाणी समुद्राचे किंवा जहाजाचे चित्रही असते.

पहिल्या दोन चित्रांचे कारण सांगावे लागत नाही. तिसऱ्याचे कारण मात्र घरातल्यांनाही नेमके सांगता येत नाही. 'दुकानात आवडले म्हणून घेतले' एवढेच उत्तर मिळते. आमच्या मते या आवडीमागे एक मोठा इतिहास आहे. त्याची ओळख नसल्यामुळे आपल्या हातून काही मोलाच्या वस्तू जात आहेत.

श्रद्धा आणि चित्र

सजीवांची चित्रे घरात लावावीत की नाही, याबाबत मुस्लिम कुटुंबांत पूर्वीपासून सावधगिरी आहे. सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास (र.अ.) यांच्याकडे आलेल्या एका माणसाची हकीकत आहे. चित्रे काढणे हीच त्याची रोजीरोटी होती. काढायचेच असेल तर झाडांचे आणि ज्यात जीव नाही अशा वस्तूंचे चित्र काढ, असा सल्ला त्याला मिळाला. या सल्ल्याने त्याला हातातली कला सोडावी लागली नाही, तिला एक वाट मिळाली.

ही वाट किती रुंद आहे हे दमास्कसच्या उमय्या जामा मशिदीत दिसते. खलिफा अल-वलीद यांच्या काळात, 706 ते 715 या वर्षांत ती बांधली गेली. तिच्या भिंतींवर रंगीत आणि सोनेरी काचेच्या बारीक तुकड्यांची चित्रे आहेत. त्यांत वाहती नदी आहे, मोठाली झाडे आहेत, काठावरचे वाडे आणि पूल आहेत. माणूस किंवा जनावर मात्र एकही नाही. पाण्याचे चित्र मुसलमानांच्या इबादतीच्या जागेत तेराशे वर्षांपासून आहे.

पुढे ग्रंथांच्या पानांवर माणसांची चित्रेही आली. त्याबद्दल आलिमांत मतभेद राहिले आणि आजही आहेत. पण समुद्राबद्दल वाद नव्हता. कुरआनमध्ये समुद्रावर चालणाऱ्या जहाजांचा उल्लेख अल्लाहची निशाणी म्हणून वारंवार येतो. हजरत नूह (अ.) यांची नौका तर आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते.

जहाजांची जुनी चित्रे

1237 साली याह्या बिन महमूद अल-वासिती या चित्रकाराने अल-हरीरी यांच्या 'मकामात' या ग्रंथाची प्रत स्वतः लिहून सजवली. ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यातले जहाजाचे चित्र जगभर प्रसिद्ध आहे. वर काम करणारे खलाशी आणि खाली खिडक्यांतून डोकावणारे प्रवासी त्यात दिसतात. आखाती समुद्रातली त्या काळची जहाजे कशी होती, हे सांगताना नौकांचे अभ्यासक आजही या चित्राचा आधार घेतात.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण 'अनीस अल-हुज्जाज' या फारसी ग्रंथाचे आहे. सफी बिन वली कझवीनी यांनी 1676-77 मध्ये सुरतेहून जहाजाने हजयात्रा केली. औरंगजेब बादशहाची कन्या जेबुन्निसा हिचा त्यांना आश्रय होता. जहाजाचे नाव होते 'सलामत रस'. परतल्यावर त्यांनी हाजींसाठी या प्रवासाचे मार्गदर्शन लिहिले. या ग्रंथाची एक सचित्र प्रत लंडनच्या खलिली संग्रहात आहे. तिच्यात बंदरे आहेत, शिडाची जहाजे आहेत आणि पवित्र स्थळेही आहेत. पश्चिम किनाऱ्यावरून हजला जाणाऱ्या माणसांनी काय पाहिले, हे अशा पानांमुळे आपल्याला आज डोळ्यांनी पाहता येते.

संग्रहाची आवड तुर्कस्तानच्या सुलतानांनाही होती. इवान ऐवाझोव्स्की (1817-1900) हा क्राइमियातला आर्मेनियन चित्रकार आयुष्यभर समुद्र रंगवत राहिला. लाटा क्षणभरही थांबत नाहीत, म्हणून तो त्या आधी नीट पाहून घेई आणि मग चित्रशाळेत स्मरणाने काढी. आरमाराची हौस असलेल्या सुलतान अब्दुल अझीझ यांनी त्याच्याकडून बरीच चित्रे करवून घेतली. त्यांतली कित्येक इस्तंबूलच्या राजवाड्याच्या संग्रहात अजून आहेत.

आपल्या मातीतला चित्रकार

महाराष्ट्रातही पाण्याचे चित्र काढणारा एक मोठा मुस्लिम कलावंत होऊन गेला. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांच्या घरात कुरआनच्या प्रती हाताने लिहिण्या-सजवण्याचा वारसा होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने काम करू लागले. रंकाळा, कोटितीर्थ यांसारख्या गावच्या तलावांवरचा प्रकाश त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. 1931 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येतात. तलावाकाठी राहणाऱ्या पवईकरांनी तर मुलांना घेऊन एकदा तिथे जावेच.

शाळेतल्या मुली-मुलांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना आपली मुले बसतात, चांगली श्रेणी मिळवतात आणि दहावीनंतर रंगाची पेटी कपाटात जाते. 'आपल्यात चित्र चालत नाही' हे एक वाक्य त्यासाठी पुरेसे होते. निसर्गचित्र, सुलेखन, नक्षी, वास्तूचे रेखाटन या दिशा मोकळ्या आहेत, हे घरातल्या मोठ्यांनी सांगायला हवे. मुलीचा हात चांगला असेल तर तो कशाकडे वळवायचा हे ठरवता येते. वाटच बंद करण्याचे कारण नाही.

घरातला ठेवा

मुख्य मुद्दा मात्र आपल्या घरांतल्या वस्तूंचा आहे. पवईत आज राहणाऱ्या कित्येक मुस्लिम कुटुंबांचे मूळ गाव रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यात, खाडीकाठी आहे. आजोबा-पणजोबांपैकी कुणी नाखवा, कुणी तांडेल, कुणी सारंग होते. फत्तेमारी आणि मचव्यांवर, पुढे आगबोटींवर त्यांची आयुष्ये गेली. दुसरीकडे हजचा प्रवास होता. मुंबईची मोगल लाइन ही कंपनी 1877 मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली आणि पिढ्यानपिढ्या हाजींना जिद्दाला नेत राहिली. 'मोहम्मदी', 'अकबर', 'नूरजहाँ' ही जहाजांची नावे जुन्या माणसांच्या तोंडी अजून असतात. 1980च्या दशकात ही कंपनी शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात विलीन झाली. त्याच कॉर्पोरेशनची सागरी प्रशिक्षण संस्था आपल्या पवईत, आदि शंकराचार्य मार्गावर आहे. रोज तिच्यावरून बस जाते, पण आपल्या दादीच्या हजशी तिचे काही नाते आहे हे आपल्या ध्यानीमनीही नसते. 1995 मध्ये 'अकबरी'च्या फेरीनंतर मुंबईहून समुद्रमार्गे होणारी हजयात्रा थांबली.

म्हणजे ज्यांनी जहाजाने हज केला ते लोक आता वृद्ध आहेत, अनेक जण अल्लाहला प्यारे झाले आहेत. त्यांच्या पेटीत जहाजाचे छायाचित्र असते, तिकीट असते, हजचा पासपोर्ट असतो, खलाशाचे नोंदपुस्तक असते. कधी जिद्दाहून आणलेले बंदराचे छापील चित्रही असते. घर बदलताना किंवा इमारत पुनर्विकासाला जाताना ही पेटी रद्दीत जाते. आणि नव्या घरात त्याच आठवड्यात बाजारातून, कुठल्याशा अनोळखी समुद्राचे छापील चित्र विकत आणले जाते.

श्रीमंतांचा चित्रसंग्रह वेगळा. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे 1954चे 'ग्रामयात्रा' हे चित्र मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 118 कोटी रुपयांना गेले. अशा बातम्या वाचून संग्रह हे आपले काम नाही असे वाटते. पण कुटुंबाचा संग्रह पैशाने होत नाही, जपणुकीने होतो.

जपायचे कसे?

मुंबईच्या दमट हवेत कागदाचे शत्रू तीन: ओल, ऊन आणि वाळवी. चौकट करताना चित्र काचेला थेट टेकू देऊ नये. मध्ये जाड पुठ्ठ्याची किनार ठेवावी, म्हणजे काचेवरची ओल कागदाला लागत नाही. पुठ्ठा आम्लविरहित मागावा, साध्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर आणि खिडकीसमोरच्या उन्हात चौकट टांगू नये, जलरंग उन्हाने लवकर उडतात. छायाचित्रांवर चिकटपट्टी लावू नये. चित्रात कोण आहे, कोणते जहाज, कोणते साल, हे पाठीमागे मऊ पेन्सिलीने लिहावे. हे लिहिण्यासाठी दादा-दादींजवळ आजच बसावे. फार जीर्ण कागद असेल तर घरी डिंक लावत बसू नये. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथल्या जाणकारांकडे विचारणा करावी.

नवे चित्र घ्यायचेच असेल तर छापील प्रतीपेक्षा एखाद्या तरुण चित्रकाराचे अस्सल छोटे जलरंगचित्र घ्यावे. जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन किंवा 1952 पासून सुरू असलेली जहांगीर आर्ट गॅलरी इथे चित्रकार स्वतः भेटतात. सही पाहावी, पावती घ्यावी, चित्राबद्दल दोन प्रश्न विचारावेत. ऐपतीबाहेर खर्च करू नये, तो इसराफ होतो. घरात लावण्यासाठी घेतलेल्या चित्रावर जकात नसते. विकून नफा मिळवण्याच्या हेतूने घेतले तर ते व्यापारी माल ठरते आणि त्यावर अडीच टक्के जकात येते. तपशील आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून घ्यावा.

येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा माळ्यावरची ती पेटी उतरवा. जहाजाचा एखादा फिकट फोटो निघाला तर तो चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावा आणि खाली आजोबांचे नाव लिहा. पाहुण्यांनी विचारले की घरातल्या सर्वांत लहान मुलाला उत्तर देऊ द्या. आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या समुद्रावर रोजी कमावली आणि ज्या समुद्रावरून ते अल्लाहच्या घरी गेले, तो समुद्र त्या मुलाला ठाऊक असायला हवा. अल्लाह तआला त्या सर्व प्रवाशांच्या मगफिरतीची सोय करो, आमीन.