शील कुणाचे?

इसवी सनापूर्वी 18 मध्ये रोमचा सम्राट ऑगस्टस याने व्यभिचाराविरुद्ध कडक कायदा केला. विवाहित स्त्रीने परपुरुषाशी संबंध ठेवला की फिर्याद, मालमत्तेवर टाच आणि एखाद्या बेटावर हद्दपारी. नवऱ्याने तिला पाठीशी घातले तर त्याच्यावरच कुंटणखोरीचा खटला. पुढे सोळा वर्षांनी खुद्द सम्राटाची मुलगी ज्युलिया याच आरोपाखाली पांडातेरिया बेटावर रवाना झाली. एवढे वाचून ऑगस्टस मोठा नीतिमान वाटेल. पण गुन्हा घडला की नाही हे ठरायचे ते स्त्रीच्या दर्जावरून. विवाहित पुरुष वेश्येकडे गेला किंवा त्याने घरच्या दासीला हात लावला, तर कायद्याच्या लेखी काहीच घडलेले नसे. दासीला शील असते हेच कायद्याला ठाऊक नव्हते. तिच्यावर परक्याने बळजबरी केली, तर भरपाई मागण्याचा हक्क तिचा नव्हे, मालकाचा.

ख्रिस्ती धर्माची पावित्र्याची आणि लैंगिक शुद्धतेची शिकवण या जगात रुजली. हा संदर्भ सुटला की ती नुसती नकारांची यादी वाटू लागते. तशी ती वाटावी याला चर्चही पुष्कळ जबाबदार आहे. त्याकडे पुढे येऊच.

मुळे यहुदी परंपरेतली. देव पवित्र आहे, म्हणून त्याच्या लोकांनीही पवित्र असावे, ही लेवीय पुस्तकातली आज्ञा. येशूने डोंगरावरील प्रवचनात ती कृतीपासून नजरेपर्यंत आणली: परस्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच. इथे दोष पाहणाऱ्याचा आहे. जिच्याकडे पाहिले तिच्या पोशाखाबद्दल येशू चकार शब्द काढत नाही. शेकडो धर्मोपदेशकांनी नंतर तो काढला.

या शिकवणीची पहिली मोठी झटापट झाली करिंथात. हे ग्रीक शहर रोमनांनी इसवी सनापूर्वी 146 मध्ये उद्ध्वस्त केले आणि 44 मध्ये ज्युलियस सीझरने पुन्हा वसवले. वसायला आलेल्यांत मुक्त झालेले गुलाम बरेच. दोन्ही बाजूंना बंदरे, पैसा भरपूर. तिथल्या ॲफ्रोडाइटीच्या देवळात हजार गणिका होत्या, असे प्रवचनांत हमखास ऐकायला मिळते. ते ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोचे विधान आहे, तेही जुन्या, नष्ट झालेल्या शहराबद्दल, आणि आजचे बरेच अभ्यासक तेवढ्यावरही विश्वास ठेवत नाहीत. करिंथ बदनाम व्हायला देवळाची गरजच नव्हती. रोमन साम्राज्याच्या कुठल्याही बंदरात देह विकत मिळत होता.

इसवी सन 50 च्या सुमारास प्रेषित पौल तिथे आला आणि दीड वर्ष राहिला. नंतर इफिसात असताना मंडळीच्या बातम्या त्याच्या कानावर आल्या. एकाने आपल्या सावत्र आईशीच घरोबा केला होता आणि मंडळी त्याबद्दल मिरवत होती. काहींचे म्हणणे असे, की आत्म्याचा उद्धार झाला, आता देहाने काय केले याला महत्त्व नाही. दुसऱ्या टोकाला, स्त्रीला स्पर्शच करू नये म्हणणारेही होते. पौलाने पत्रात दोघांनाही धरले. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, तुम्हाला मोल देऊन विकत घेतले आहे, असे त्याने कळवले. ज्या मंडळीत दासदासी बसत होते, बाजारात ज्यांच्या अंगाचा भाव खरोखरच ठरला होता, त्यांना हे वाक्य कसे ऐकू गेले असेल?

त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात तो म्हणतो, की पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार आहे. यावर कुठल्याही रोमन पुरुषाने मान डोलावली असती. पण लगेच तो म्हणतो, की तसाच पतीच्या देहावर पत्नीचा अधिकार आहे. माझ्या मते साऱ्या पत्रातले सर्वांत धाडसी वाक्य हेच. अविवाहित राहणे त्याला अधिक पसंत होते, पण लग्नाला त्याने पाप म्हटले नाही.

एक मोठी उणीव मात्र राहिलीच. मालक बळजबरी करत असेल तर ख्रिस्ती झालेल्या दासीने काय करावे? पौल गप्प आहे. जेनिफर ग्लॅन्सी या अभ्यासिकेने गुलामगिरीवरच्या आपल्या पुस्तकात हा प्रश्न उभा केला आहे आणि त्याला सोयीचे उत्तर नाही. त्याच शतकातला स्टोइक तत्त्वज्ञ मुसोनियस रूफस याने निदान मालकांना विचारले होते, की तुम्ही दासीशी ठेवता तसे संबंध तुमच्या बायकोने गड्याशी ठेवले तर चालेल का? पाचव्या शतकात कायद्याने दासीची दखल घेतली. सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने 428 मध्ये ठरवले, की मुलीला किंवा दासीला वेश्याव्यवसायात लोटणाऱ्या बापाचा वा मालकाचा तिच्यावरचा हक्क संपला.

दरम्यान ब्रह्मचर्याचे माहात्म्य वाढत गेले. त्याची एक बाजू आपण विसरतो. ऑगस्टसच्या कायद्यांनी अविवाहितांना वारसाहक्कात दंड बसवला होता. तो सम्राट कॉन्स्टंटाइनने 320 मध्ये उठवला. मग मार्सेला, पॉला यांच्यासारख्या रोमच्या श्रीमंत विधवा पुन्हा लग्नाला ठाम नकार देऊन हिब्रू शिकत, धर्मग्रंथांवर वाद घालत राहू लागल्या. त्यांचा गुरू जेरोम. दुराचारी नवऱ्याला सोडून दुसरे लग्न केलेली फॅबिओला पुढे जाहीर प्रायश्चित्त घेऊन चर्चमध्ये परतली, तिने रोममध्ये रुग्णालय काढले. तिच्या निधनानंतर जेरोमने लिहिले, की सीझरचे कायदे वेगळे आणि ख्रिस्ताचे वेगळे. आमच्यात जे स्त्रीला वर्ज्य ते पुरुषालाही वर्ज्य. पण हाच जेरोम 393 मध्ये जोव्हिनियनला उत्तर देताना लग्नावर इतका घसरला, की त्याच्या मित्राला, पॅमेकियसला, त्या ग्रंथाच्या प्रती परत गोळा करायची धडपड करावी लागली. जोव्हिनियनचा मुख्य गुन्हा असा, की देवापुढे कुमारिका आणि विवाहिता सारख्याच, असे तो म्हणाला होता. चर्चने त्याला दोषी ठरवले.

410 मध्ये अलारिकच्या गॉथांनी रोम लुटले. अनेक स्त्रियांवर अत्याचार झाले, त्यांत व्रतस्थ कुमारिकाही होत्या. काहींनी जीव दिला. उरलेल्यांना टोमणे सुरू झाले. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात उत्तर दिले, की शुद्धता हा मनाचा गुण आहे. मनाची संमती नसताना देहावर जे झाले त्याने ती जात नाही. रोमनांची आदर्श लुक्रेशिया बलात्कारानंतर स्वतःला संपवते. ती निर्दोष होती तर मेली का, असे ऑगस्टिन विचारतो. लुक्रेशियाशी तो जरा निष्ठुरपणे वागतो खरा, पण जिवंत राहिलेल्यांच्या बाजूने तो ठाम उभा आहे. गंमत अशी, की वासनेला आदिपापाशी बांधून पाश्चात्त्य ख्रिस्ती मनात देहाबद्दल अपराधभाव पेरणाराही हाच. आणि जिच्याबरोबर तो वर्षानुवर्षे राहिला, जी त्याच्या मुलाची आई होती, तिचे नाव त्याने आत्मकथनात कुठेही लिहिले नाही.

या शिकवणीची एक वाट महाराष्ट्रात येते ती लंडनमार्गे. 1883 मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडात वाँटेजच्या सिस्टरांकडे राहत होत्या. लंडनच्या फुलम भागात या सिस्टरांचा ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी आश्रम होता. तिथे रमाबाईंनी पाहिले, की काल ज्यांना समाजाने टाकले त्या आज आजाऱ्यांची सेवा करत आहेत. यांच्यासाठी तुम्ही का झटता, असे त्यांनी विचारले. शिकवणाऱ्या सिस्टरने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली: पाच नवरे झालेली, सहाव्याबरोबर राहणारी आणि तरीही येशू जिच्याशी धर्माबद्दल गंभीरपणे बोलतो ती. हा प्रसंग रमाबाईंनी 1907 च्या आपल्या साक्षीत लिहून ठेवला आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1897 च्या दुष्काळात मदत छावण्यांभोवती मुली पळवणारी माणसे कशी घिरट्या घालतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात अशा अत्याचारांतून आलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपासदन’ हा वेगळा विभाग उघडला.

अशाच हेतूने निघालेल्या संस्थांचे आयर्लंडमध्ये काय झाले, तेही सांगितले पाहिजे. मरीया मग्दालियाच्या नावाने चालणाऱ्या तिथल्या धुलाईगृहांत 1922 ते 1996 या काळात सुमारे 10 हजार मुली आणि स्त्रिया राबल्या. कुणी कुमारी माता, कुणी अनाथ, कुणी नुसती ‘बिघडेल’ अशी भीती वाटलेली. प्रायश्चित्त म्हणून बिनपगारी धुणी. त्यांच्या या अवस्थेशी ज्या पुरुषांचा संबंध होता, त्यांच्यासाठी असे घर कुणी बांधले नाही. 2013 च्या फेब्रुवारीत आयर्लंडचे पंतप्रधान एंडा केनी यांनी सरकारतर्फे माफी मागितली.

शुद्धतेच्या नावाखाली लाज पेरणे अमेरिकेतही घडले. 1993 मध्ये तिथल्या सदर्न बॅप्टिस्ट पंथीयांनी लग्नापर्यंत संयम पाळण्याच्या लेखी शपथेची मोहीम सुरू केली. 1997 मध्ये जोशुआ हॅरिस या तरुणाने प्रेमप्रकरणांपासून दूरच राहा, असे सांगणारे पुस्तक लिहिले. ते तुफान खपले. 2018 मध्ये त्याने त्याबद्दल माफी मागून छपाई थांबवली. त्या शिकवणीने आपल्याला लाज आणि भीतीच दिली, असे अनेक वाचकांनी त्याला कळवले होते.

अशाच शिकवणीत वाढलेली एलिझाबेथ स्मार्ट मॉर्मन घरातली. 2002 मध्ये, चौदा वर्षांची असताना, सॉल्ट लेक सिटीतल्या घरातून तिला पळवून नेले गेले आणि नऊ महिने तिच्यावर अत्याचार होत राहिले. 2013 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका चर्चेत तिने सांगितले, की शाळेतल्या एका बाईंनी शिकवले होते: लग्नाआधी संबंध आलेली मुलगी म्हणजे चघळलेले च्युइंगगम. ते कुणी पुन्हा तोंडात घालत नाही, फेकून देतात. अत्याचारानंतर तिला हेच आठवले. पळवून नेलेल्या अनेक बंदिवान मुली पळत का नाहीत, असे लोक विचारतात. आपण आता घरी परतण्याच्या लायकीच्या उरलो नाही असे वाटले की पळायचे कुठे, असे तिचे उत्तर होते.