बॅकअपची रंगीत तालीम

रविवारची सकाळ. कांदेपोहे झाले, दुसरा चहा झाला. निवांत कम्प्युटर सुरू करायला गेलो, तर स्क्रीन काळी ठिक्कर! आतून नुसता ‘टक्... टक्... टक्...’ असा आवाज. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘‘काय रे, नवीन घड्याळ आणलंस का?’’ घड्याळ कसलं, हार्ड डिस्क होती ती. आणि तिची घटका भरली होती.

पण मी एकदम कूल. आयटीत नोकरी करतो, बॉस! ऑफिसात इतरांना बॅकअपवर लेक्चर देणारा माणूस मी. कपाटात एक्स्टर्नल हार्ड डिस्क होतीच. दर दोन-तीन महिन्यांनी डेस्कटॉपवरचं सगळं तिच्यावर कॉपी करायचो. दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क बसवली, विंडोज टाकलं आणि मी ऐटीत माझा बॅकअप जोडून ‘आजी’ नावाच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं.

त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी गावी जाऊन, तिची मनधरणी करून रेकॉर्ड केलेल्या.

उघडेना. पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तेच. शेवटी साइज बघितली आणि पोटात गोळा आला. अख्ख्या ‘आजी’ची साइज होती जेमतेम दोन केबी!

डी ड्राइव्हची अंधश्रद्धा

झालं असं होतं, की डेस्कटॉपवर होता तो नुसता शॉर्टकट. म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. मी वर्षानुवर्षं चिठ्ठीच कॉपी करत होतो, घर जागच्या जागीच होतं. खऱ्या फाइल्स डी ड्राइव्हमध्ये होत्या. ‘विंडोज सीमध्ये, डेटा डीमध्ये, मग काय टेन्शन?’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. पण घरच्या कम्प्युटरमध्ये सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. कपाटच कोसळलं तर वरचा कप्पा काय आणि खालचा काय!

आणि खरी गंमत पुढे आहे. तो बॅकअप मी मध्ये एकदा उघडून पाहिलाही होता. तेव्हा तो मस्त उघडला होता. उघडणारच, कारण जुना कम्प्युटर जिवंत होता आणि चिठ्ठी बरोबर त्याच्याच डी ड्राइव्हवर घेऊन जात होती. म्हणजे मी बॅकअप तपासलाच नव्हता, मूळ फाइलच पुन्हा बघत होतो.

मोठ्यांचंही तेच

आपणच येडे आहोत असं मात्र समजू नका. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ बनत असताना पिक्सार स्टुडिओत कुणीतरी चुकून डिलीटची कमांड दिली आणि सिनेमाच्या फाइल्स भराभर गायब होऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करायच्या आणि त्यांच्या घरच्या कम्प्युटरवर एक कॉपी होती. तो कम्प्युटर चादरी-ब्लँकेटांत गुंडाळून, गाडीत ठेवून स्टुडिओत आणला गेला!

जानेवारी २०१७मध्ये गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनीअरने भलताच डेटाबेस उडवला. बॅकअपचे पाच मार्ग ठरलेले होते, पण वेळेवर एकही भरवशाचा निघाला नाही. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक कॉपी सापडली, म्हणून निभावलं.

धडा एकच. बॅकअप घेणं हे अर्धं काम. तो परत मिळतो का, हे पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये.

तीन, दोन, एक

पीटर क्रोग या फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला साधा हिशेब आहे : डेटाच्या तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर कशाला? २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस! अशा वेळी टेबलाखालचा कम्प्युटर आणि ड्रॉवरमधली हार्ड डिस्क एकत्रच जलसमाधी घेतात. म्हणून एक कॉपी क्लाउडवर, नाहीतर सरळ मामाच्या कपाटात.

‘माझं सगळं ड्राइव्हला सिंक होतं’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा. सिंक म्हणजे आरसा. इथे फाइल डिलीट केली की तिकडचीही जाते. काही दिवस ट्रॅशमध्ये मिळते, मग कायमचा रामराम. तसंच कॉपी झाली की हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. मे २०१७मधल्या ‘वॉनाक्राय’सारखे रॅन्समवेअर जोडलेल्या ड्राइव्हलाही कुलूप घालतात.

तालीम अशी करा

* बॅकअप दुसऱ्याच कम्प्युटरला जोडा. स्वतःच्या कम्प्युटरवर तो पास होणारच!

* वेगवेगळ्या फोल्डरमधल्या पाच फाइल्स उघडा. एक जुना फोटो, एक एक्सेल शीट, एक मोठा व्हिडिओ. व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून बघा.

* मूळ फोल्डर आणि कॉपी यांची साइज ताडून पाहा.

* क्लाउडवरून एखादं फोल्डर खरंच डाउनलोड करा. पासवर्ड आठवतो का, ओटीपी कुठल्या नंबरवर येतो, हे तेव्हाच कळतं.

* बिटलॉकर लावलं असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून फाइलला लावा. त्याच कम्प्युटरवर सेव्ह करून ठेवू नका, प्लीज.

* डिस्क ‘टक् टक्’ करू लागली तर पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. बंद करा आणि जाणकाराकडे द्या. मी दहा वेळा सुरू केली होती.

२०११पासून ३१ मार्च हा ‘वर्ल्ड बॅकअप डे’ पाळला जातो. आपल्याकडे तेव्हा इयर एंडिंगची मारामार. त्यापेक्षा दसरा बेस्ट! कम्प्युटरला हार घालतोच, त्याच दिवशी बॅकअपही उघडून बघायचा.

आणि आजीच्या ओव्या? डेटा रिकव्हरीवाल्याने हात टेकले. मग आत्तेबहिणीला आठवलं, की बाराव्याला मी तिला एका पेन ड्राइव्हवर काही ओव्या दिल्या होत्या. एकतीसपैकी चार. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच. त्या चार आता तीन ठिकाणी आहेत. दर दसऱ्याला बाबांच्या लॅपटॉपवर मी त्या वाजवून बघतो. आई हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत बसते.