विश्वस्त म्हणजे मालक नव्हे
मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे, महानुभाव पंथाचे गाव. अशा तीर्थक्षेत्री भाविकांनी दिलेल्या जमिनी आणि इमारती अनेकदा सार्वजनिक न्यासाच्या (लोकहितासाठी नोंदवलेल्या संस्थेच्या) नावे असतात. कारभार विश्वस्त पाहतात, म्हणून मालमत्ताही त्यांचीच, असा समज सर्रास आढळतो.

लग्नघरात कोठी सांभाळणाऱ्याच्या हाती किल्ली असते. धान्य मात्र वऱ्हाडासाठी असते. विश्वस्ताचे स्थान तसेच आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता (जमीन, इमारत) विकण्यास, अदलाबदल करण्यास किंवा बक्षीस देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीचा दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन किंवा इमारतीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही याच नियमात येतो. सर्व विश्वस्तांचे एकमत किंवा मंजूर ठराव या परवानगीची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून व्यवहाराची बोलणी पुढे नेण्याआधी अमरावतीच्या धर्मादाय कार्यालयात किंवा जाणत्या वकिलाकडे चौकशी करावी. विश्वस्त बदलल्यास बदल अर्ज (नोंदीतील फेरफाराची सूचना) ९० दिवसांत द्यावा. नोंदी चोख असल्या, तर दात्याचा हेतूही सुरक्षित राहतो आणि प्रामाणिक विश्वस्तही.