लाव्याचा रंग, कोंबडीची पिसं

अंडं फुटून बाहेर आलेलं पिल्लू पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीचं असतं, पण पंखांपाशी त्याला लावा पक्ष्यासारखा गडद रंग असतो. पिसं कोंबडीचीच, त्यांत रंग भरणाऱ्या पेशी मात्र लाव्याच्या. अंडं उबवत ठेवून दोनेक दिवस झाल्यावर लाव्याच्या भ्रूणाच्या पाठीतला इवलासा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसवलेला असतो. तिथून निघालेल्या पेशी परक्या शरीरातून वाट काढत थेट कातडीपर्यंत पोचतात. गेल्या शतकातल्या भ्रूणशास्त्रात याहून देखणा प्रयोग सापडणं कठीण.

या भटक्या पेशींना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात त्या पाहिल्या. पाठीवरचा थर वळून मज्जारज्जूची नळी तयार होते, तिच्या वरच्या कडेच्या पेशी सुटतात आणि अंगभर पांगतात. चेहऱ्याची बहुतेक हाडं, कातडीला रंग देणाऱ्या पेशी, आतड्यातल्या चेतापेशी, अधिवृक्क ग्रंथीचा गाभा, हे सगळं त्यांच्यापासून होतं.

अडचण एवढीच होती, की एकदा आजूबाजूच्या पेशींत मिसळल्यावर त्यांना ओळखायचं कसं? किरणोत्सारी खूण करून बघितली, तर दर विभाजनाला ती फिकट होत जाई. वाट दाखवली ती निकोल ल दुआरँ यांनी. ब्रिटनीत जन्मलेल्या या बाई आधी शाळेत शिकवत, संशोधनाकडे त्या नंतर वळल्या. कोंबडी आणि लाव्याच्या ऊती एकत्र वाढवताना त्यांना दिसलं, की लाव्याच्या पेशीकेंद्रात डीएनएचा एक ठळक गोळा असतो आणि कोंबडीच्या केंद्रात तो नसतो. रंगद्रव्य लावलं की सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पक्ष्यांच्या पेशी वेगळ्या ओळखता येतात. ही खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कारण ती पेशीची स्वतःचीच आहे. १९६९ मध्ये त्यांनी हे तंत्र जाहीर केलं. पुढे नोजाँ-स्यूर-मार्नच्या संस्थेत त्यांच्या गटाने पाठीच्या एकेका भागातल्या पेशी कुठे जातात याचा नकाशाच काढला.

या नकाशातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. मानेकडच्या पेशी, ज्या एरवी आतड्यात जातात, त्या अधिवृक्क ग्रंथीच्या पातळीवर नेऊन लावल्या, तर त्यांतल्या काही त्या ग्रंथीच्या गाभ्यात जाऊन तिथल्यासारख्याच होतात. कोण व्हायचं, याचा बराचसा निर्णय वाटेवर आणि मुक्कामावर होतो.

आणि वाटही मुकाट्याने पायाखाली पडून राहत नाही. धडाच्या भागात मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना सोमाइट नावाचे ठोकळे ओळीने असतात. पेशी प्रत्येक ठोकळ्याच्या पुढच्या अर्ध्या भागातूनच जातात, मागच्या अर्ध्यातली एफ्रिनसारखी प्रथिनं त्यांना हुसकावून लावतात. पाठीच्या कण्यालगतच्या चेतागाठी ठरावीक अंतराने येतात त्या यामुळेच. बेडकाच्या भ्रूणात तर नुसता कडकपणाही पुरतो. लंडनमध्ये रोबेर्तो मायोर यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं, की डोक्याकडच्या या पेशी खालचा थर घट्ट होईपर्यंत जागच्या हलत नाहीत. तो थर वेळेआधी घट्ट केला, तर त्या वेळेआधीच निघतात.

सगळ्यात लांबचा प्रवास आतड्यातला. माणसात या पेशी चौथ्या आठवड्याच्या सुमारास अन्ननलिकेकडून आत शिरतात आणि सातव्या आठवड्यापर्यंत शेवटच्या टोकाला पोचतात. मधल्या काळात आतडंही लांब होत असतं, म्हणजे मुक्काम दूर दूर सरकत असतो. आतड्याच्या भिंतीतून जीडीएनएफ हे प्रथिन स्रवतं. पेशींच्या पृष्ठभागावरचा रेट हा ग्राहक त्याला प्रतिसाद देतो आणि पेशी तगतात, वाढतात, पुढे सरकतात.

त्या टोकापर्यंत पोचल्या नाहीत, तर शेवटचा भाग चेतापेशींविना राहतो, सैलावत नाही, आणि मळ अडून वरचं आतडं फुगत जातं. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये अशा बाळांचं वर्णन केलं. सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो, आणि त्याच्या मुळाशी पुष्कळदा रेट जनुकातला दोष सापडतो. शल्यचिकित्सक चेतापेशी नसलेला भाग काढतात आणि निरोगी आतडं खाली ओढून गुदद्वाराशी जोडतात. कुठे कापायचं, हे शस्त्रक्रिया चालू असतानाच ऊतीचे तुकडे तपासून ठरतं.

२०१६ मध्ये मानवी मूलपेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेल्या न्यूरल क्रेस्टच्या पेशी हाच आजार असलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात सोडल्या गेल्या. त्या आतड्यात दूरवर पसरल्या, आणि ते उंदीर जगले.